मला चिवट म्हणू नकोस

लुसिया,

तू गेलीस त्या सकाळी अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या माणसाचा फोन आला. बोलायला अगदी मऊ होता. लिफ्ट किती मोठी आहे, पाद्री येणार की भटजी, दहनासाठी मंडाईला किती माणसं येतील, असं एकेक विचारत गेला. मग म्हणाला, "उंची आणि वजन सांगाल का? पेटीसाठी लागतं." फोन तुझ्या आईच्या हातात होता. तिने तो टेबलावर ठेवला आणि उठून स्वयंपाकघरात निघून गेली. मी फोन घेतला. घरी येणाऱ्या नर्सने शेवटी घेतलेला आकडा मला माहीत होता, तो सांगितला.

"ओके," तो म्हणाला. "मग स्टँडर्ड साइज."

तू ऐकलं असतंस तर हसली असतीस. इथल्या सिंगापुरी पोरांसारखं "फायनली, लाह," म्हणाली असतीस. मी डोळे वटारले असते आणि मग मलाही हसू आलं असतं. तू नऊ वर्षांची असल्यापासून शाळा, डॉक्टर, आमच्या मंडळातल्या बायका, सगळे ज्या आकड्यामागे लागले होते, तो शेवटी आजाराने आणून दिला.

त्याला आता महिना होईल. दादा कामावर जायला लागलाय. मी रोज दुपारी सेंगकांगच्या माझ्या घरून पासिर रिसला तुमच्याकडे जाते, तुझ्या आईजवळ बसते आणि संध्याकाळी परत येते. तुला एक सांगायचं आहे. पण त्याच्याकडे मला सरळ जाता येत नाहीये. मधलं सगळं तुला माहीत आहे, तरी ऐक.

तू आलीस तो दिवस मला आठवतो. माझा दादा, शेखर, बोटीवर इंजिनिअर होता. केळी भरायला त्यांची बोट इक्वेडोरला, ग्वायाकिलला जायची. तिथल्या शिपिंग एजंटच्या ऑफिसात तुझी आई काम करायची. चाळिशीपर्यंत लग्नाचं नाव न काढलेल्या दादाने एक दिवस पुण्याला फोन करून आईला सांगितलं की मी लग्न केलंय, तिचं नाव मारिसोल, तिचा नवरा वारलाय, तिला एक मुलगी आहे आणि आता मी सिंगापूरला किनाऱ्यावरची नोकरी घेतोय. आईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "मुलगी काय खाते?"

चांगी विमानतळावर मी तुम्हाला घ्यायला आले होते. दादा ट्रॉली ढकलत, त्याच्या शेजारी वहिनी, आणि दोघांच्या मागे तू. गुबगुबीत, लाल जॅकेट घातलेली, पाठीवरची सॅक पुढे छातीशी धरलेली. मी सॅक घ्यायला हात पुढे केला तर तू एक पाऊल मागे सरकलीस. विमानात मिळालेले सगळे पाव, लोण्याच्या वड्या आणि शेजारच्या प्रवाशाने न खाल्लेला केकसुद्धा त्या सॅकमध्ये होता. हे मला नंतर कळलं.

तुझी शाळा माझ्या घराजवळ होती. दादा-वहिनी दोघंही नोकरीवर. मी घरून काम करणारी, मूलबाळ नसलेली. म्हणून शाळा सुटली की तू माझ्याकडे यायचीस आणि सातपर्यंत थांबायचीस. तू मला 'आतिया' म्हणायचीस. सुरुवातीला आपलं बोलणं म्हणजे बोटं दाखवणं. सहा महिन्यांत तू मराठी बोलायला लागलीस. शाळेतलं इंग्रजी शिकायला तुला त्याहून जास्त वेळ लागला, आणि यावर दादा सगळ्यांकडे मोठेपणा मिरवायचा. दादाला तू कॅप्टन म्हणायचीस. "अगं, मी इंजिनिअर, कॅप्टन वेगळा असतो," असं तो दर वेळी सांगायचा आणि दर वेळी खूश व्हायचा. माझी आई पुण्याहून आली तेव्हा तू वहिनीला 'मामी' अशी हाक मारलीस. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ही आपल्या आईला मामी का म्हणते गं? सख्खी नाही का?" तुमच्याकडे आईला असंच म्हणतात, हे समजावून देईपर्यंत आईने तुझ्या ताटात तिसरी पुरणपोळी वाढली होती. तू ती खाल्लीस, चौथीही खाल्लीस. आई कौतुकाने बघत होती. वहिनी मात्र तुझ्याकडे बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती.

त्याच आठवड्यात मला पोळ्या सापडल्या. दुपारी तू ज्या खोलीत झोपायचीस तिथे गादीखाली मुंग्यांची रांग गेली होती. गादी उचलली तर टिश्यूपेपरात गुंडाळलेल्या पोळ्या, अर्धं सफरचंद, साखरेच्या पुड्या. मी कोणाला काही न बोलता सगळं साफ केलं आणि संध्याकाळी वहिनीला सांगितलं. वहिनीचं आणि माझं बोलणं इंग्रजीतच होतं. तिने जे सांगितलं ते इथे आपल्या भाषेत लिहिते.

तुझ्या बाबांचं किराणा दुकान होतं, घराच्या पुढच्या भागात. वस्तीतल्या टोळीला हप्ता द्यायचं त्यांनी बंद केलं आणि एका दुपारी त्यांना दुकानातच गोळी घालून मारलं. तू सात वर्षांची होतीस. "ती मागच्या खोलीत झोपली होती," वहिनी म्हणाली. "देवाने तेवढी दया केली." त्यानंतर दोन वर्षं तुम्ही दोघी नातेवाइकांकडे राहिलात, कधी या मावशीकडे, कधी त्या काकांकडे. एका घरात फ्रिजला कुलूप असायचं. दुसऱ्या घरात आधी घरची मुलं जेवायची आणि राहिलं तर तुला. राहील तेव्हा तू पोट फुटेपर्यंत खायचीस, कारण उद्याचं काही नक्की नसायचं. "लोकांना वाटतं लाडाने फुगलीय," वहिनी म्हणाली. "ती भुकेने अशी झाली."

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून एक मोठा स्टीलचा डबा आणला. शेव, बिस्किटं, शेंगदाण्याचे लाडू भरले आणि तुला दाखवून खालच्या फळीवर ठेवला. "हा तुझा. याला दुसरं कोणी हात लावणार नाही. संपला की मी भरीन." तू शाळेतून आलीस की आधी तो डबा उघडायचीस, आत बघायचीस आणि झाकण लावायचीस. पुष्कळदा खायचीसही नाही. हे दीडेक वर्ष चाललं. मग एक दिवस तू आलीस, बूट काढलेस आणि सरळ टीव्हीपुढे जाऊन बसलीस. मी स्वयंपाकघरातून बघत राहिले. मला तेव्हा इतका आनंद झाला होता की मी नवऱ्याला रॅफल्स प्लेसला ऑफिसात फोन केला, आणि त्याला बिचाऱ्याला काय झालंय तेच कळेना.

शाळेत दर वर्षी वजन-उंची व्हायची. तुझं नाव दर वर्षी जास्त वजनाच्या मुलांत वेगळं काढलं जायचं. आहारतज्ज्ञ बाईंकडे मीच तुला घेऊन गेले होते. चांगल्या होत्या त्या, प्रेमाने बोलत होत्या. त्यांनी ताटाचं चित्र दाखवलं. अर्ध्या भागात भाज्या, पाव भागात भात, पाव भागात डाळ किंवा मासे. तू ते चित्र नीट बघितलंस आणि विचारलंस, "आणि उद्याचं कुठे ठेवायचं?" बाईंना वाटलं तू चेष्टा करतेयस. त्या हसल्या. त्यांनी तुझं मागचं काही विचारलं नाही, त्यांच्या कागदावर त्याला जागाच नव्हती. मी सांगायला लागले तर तू माझा हात दाबलास.

वर्गातल्या पोरांनी तुला काय काय नावं ठेवली ती मी लिहिणार नाही. तू घरी येऊन ती नक्कल करून सांगायचीस आणि आपण हसायचो. मग तू बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचीस.

आपलं ते भांडण बहुधा पहिल्यांदा झालं ते तू पॉलिटेक्निकला गेलीस तेव्हा. तुला सोशल वर्कचा कोर्स मिळाला होता, वर्ग नुकतेच सुरू झाले होते. दादाने घरी सगळ्यांना बोलावलं होतं. मी कोणाला तरी सांगत होते, "आमची लुसिया फार चिवट आहे. जे सोसलं त्याच्या निम्म्यात दुसरं कोणी मोडलं असतं." कौतुकानेच बोलत होते. तू सगळे गेल्यावर भांडी विसळता विसळता विचारलंस, "चिवट म्हणजे शिळी पोळी होते ती ना?"

"तसं नाही गं. न मोडणारी. रेझिलियंट."

"मला चिवट म्हणू नकोस, आत्या."

"का? चांगला शब्द आहे."

"त्यांच्यासाठी चांगला आहे." तू नळ बंद केलास. "आमच्या लेक्चरमध्येही हाच शब्द असतो. ज्या मुलांचं वाईट झालं त्यांच्यातली कोण चिवट, ते शोधतात. जी चिवट त्यांचं वजन कमी, मार्क जास्त, असं काय काय. मग मी कोण? मी पास झाले, पण वजन कमी नाही झालं. मी अर्धी चिवट?"

"तू उगाच शब्दाला धरून बसलीयस."

"तूच शिकवलेत शब्द." मग तू म्हणालीस, "मला चिवट व्हायचंच नव्हतं. मला मूल व्हायचं होतं. ते मूल."

'ते मूल' याला आपला एक इतिहास होता. स्पॅनिशमध्ये दोनच लिंगं. मराठीतलं तिसरं तुला आधी फार छळायचं आणि मग फार आवडायला लागलं. "मूल म्हणजे मुलगा पण नाही, मुलगी पण नाही. त्याला अजून काहीच व्हायचं नाही," असं तू एकदा म्हणाली होतीस. त्या दिवशी मी तुझ्याशी वाद घातला. म्हटलं, झालं ते झालं, ते बदलता येत नाही, मग त्यातून उभं राहणाऱ्या माणसाला काहीतरी म्हणायला नको का? तू म्हणालीस, "थकलेली म्हण." हा वाद आपण पुढे तीन वर्षं घातला. बसमध्ये, फोनवर, हॉकर सेंटरमध्ये रांगेत उभं राहून. मला अजूनही वाटतं की माझं सगळंच चुकत नव्हतं. तुझ्यात काहीतरी होतं ज्याला नाव पाहिजे होतं. पण तुला पटेल असा दुसरा शब्द मला सापडला नाही, आणि तो शोधायला तू आता नाहीस.

पॉलिटेक्निकमध्ये तू ड्रॅगन बोटीत गेलीस. वीस जणींनी मिळून वल्हवायची ती लांबलचक नाव. कोचने तुला मधल्या बाकावर बसवलं. सगळ्यात ताकदीच्या मुली तिथे बसतात आणि त्या जागेला इंजिन रूम म्हणतात, हे तू घरी येऊन सांगितलंस तेव्हा दादा खुर्चीतून उठला. "शेवटी आलीस ना माझ्या खात्यात," म्हणाला. कल्लांगला तुमची शर्यत बघायला आम्ही तिघं गेलो होतो. नाव पुढे गेली तेव्हा मला फक्त पाठी दिसल्या, एका तालात वाकणाऱ्या. त्यातली रुंद पाठ तुझी. वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "बघ, तिचं शरीर तिच्याबरोबर आहे. पहिल्यांदा." तुमची नाव तिसरी आली. तू किनाऱ्यावर आलीस ती डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली. खाली मान घालून चालायची तुझी सवय होती, ती त्या दिवशी नव्हती. तुला तसं बघायला मिळालं याबद्दल मी कोणाचे आभार मानू ते मला कळत नाही, पण मानते.

आणि त्यानंतरच्या वर्षी तुला वल्हवताना धाप लागायला लागली.

पोट घट्ट वाटतं, पाठ दुखते, जेवलं की भरल्यासारखं होतं. तू क्लिनिकमध्ये गेलीस. वजन कमी करा, असं सांगितलं. पित्ताच्या गोळ्या दिल्या. परत गेलीस, दुसऱ्या डॉक्टर होत्या, त्यांनीही वजनाचंच सांगितलं. कोणी वाईट बोललं नाही, कोणी हिडीसफिडीस केलं नाही. पोटावर हात ठेवून मात्र कोणी नीट बघितलं नाही, कारण ते पोट का मोठं आहे याचं उत्तर त्यांना दारातून आत शिरतानाच मिळालं होतं. तूही त्यांच्यावर विश्वास ठेवलास. आयुष्यभर तेच ऐकत आली होतीस.

गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला तू निळा कुडता घालून आली होतीस. चेहरा उतरला होता, गालाची हाडं वर आली होती. बायका तुझ्याभोवती जमल्या. "किती बारीक झालीस गं. काय करतेस? केटो का?" एकीने फोन काढून तुझ्याकडून टिपा लिहून घ्यायची तयारी केली. तू माझ्याकडे वळून हळूच विचारलंस, "आत्या, काय सांगू यांना? मी काहीच करत नाहीये." त्या संध्याकाळी तुझी जितकी स्तुती झाली तितकी आधी कधी झाली नव्हती.

ओळखलं ते तुझ्या आईने. कार्यक्रमानंतर सगळे जेवायला बसलो होतो. तू दोन घास खाल्लेस आणि ताट बाजूला सारलंस. मसालेभात, अळूची भाजी, मोदक, सगळं तसंच. वहिनी हातातला घास खाली ठेवून त्या ताटाकडे बघत राहिली. मग उठली, तुझी पर्स घेतली आणि दादाला म्हणाली, "टॅक्सी बोलाव. हॉस्पिटल." दादा म्हणाला, उद्या सकाळी जाऊ. वहिनी म्हणाली, "शेखर, या मुलीने जन्मात ताटात अन्न टाकलेलं नाही."

अंडाशयातली गाठ होती. पोटभर पसरली होती. डॉक्टरांनी स्कॅन दाखवून सगळं समजावलं. तू शांतपणे ऐकलंस आणि एकच प्रश्न विचारलास, "मी वजन कमी केलं असतं तर झालं नसतं का?" डॉक्टर म्हणाले, "नाही. याचा तुमच्या वजनाशी संबंध नव्हता." तू परत विचारलंस, "नक्की?" ते म्हणाले, "नक्की." तू तेव्हा रडलीस. निदान ऐकून तू रडलीस असं दादाला वाटलं. मला तसं वाटलं नाही. एकदा तरी कोणीतरी सांगितलं होतं की यात तुझी काही चूक नाही.

पुढच्या महिन्यांबद्दल मी फार लिहिणार नाही. केस गेले, नखं काळी पडली. ड्रॅगन बोटीतल्या मुली यायच्या आणि तुझ्या पलंगाभोवती बसून मोठमोठ्याने बोलायच्या, आणि लिफ्टमध्ये गेल्यावर रडायच्या. दादा तुझ्या सलाइनच्या पंपाचा आवाज ऐकून त्यात काय बिघडलंय ते नर्सना सांगायचा. त्या ऐकून घ्यायच्या. वहिनी तुझ्यासाठी तिच्या गावाकडचं माशांचं सूप करून आणायची आणि तू एक चमचा घ्यायचीस, तिच्यासाठी. तिने आग्रह केला नाही. डबा बंद करून पिशवीत ठेवायची. त्या वेळी मी तिच्या तोंडाकडे बघत नसे.

मधे एकदा तुला पंधरा दिवस जरा बरं वाटत होतं. तू माझ्याकडे राहायला आलीस आणि दुपारी म्हणालीस, "एलआरटीने फिरू या. लहानपणी जायचो तसं." ती छोटी गाडी सेंगकांगमध्ये गोल फिरते आणि निघाली तिथेच परत येते. ड्रायव्हर नसतो, म्हणून तू लहानपणी सगळ्यात पुढे काचेला नाक लावून उभी राहायचीस. त्या दिवशी तुला उभं राहवत नव्हतं. पुढच्या सीटवर बसलो. डब्यात एक म्हातारे चिनी आजोबा पेंगत होते, बाकी कोणी नाही. दोन स्टेशनं गेल्यावर तू बोलायला लागलीस, मराठीतच, बाहेर बघत.

"मी झोपले नव्हते, आत्या."

मला आधी कळलंच नाही.

"बाबांच्या वेळी. मी दुकानात होते. तांदळाच्या पोत्यांच्या मागे बसून पाव खात होते. जेवणाआधी खायचा नाही असं मामीने सांगितलं होतं म्हणून लपून. ते लोक आले. बाबांनी मला बघितलं. हात खाली करून असं केलं." तू तळहात जमिनीकडे दाबून दाखवलास. "म्हणजे, हलू नकोस. माझ्या तोंडात घास होता. चावला तर आवाज येईल असं वाटलं. मी चावला नाही. मग सगळं झालं आणि ते गेले, तरी मी चावला नाही. मागच्या दाराने घरात गेले आणि गादीवर झोपले. मामी आली तेव्हा मी डोळे मिटले होते."

आपलं स्टेशन आलं. दार उघडलं, बंद झालं. तू म्हणालीस, "आणखी एक चक्कर मारू." मी मान हलवली.

"तिला वाटतं मी झोपले होते," तू म्हणालीस. "ती सगळ्यांना तेच सांगते. बाकी काही तिला वाचवता आलं नाही, बाबा नाही, दुकान नाही. एवढंच तिच्याकडे आहे, की मी बघितलं नाही. ते घेऊ नकोस तिच्याकडून. मी गेल्यावर पण नाही. प्रॉमिस कर."

मी केलं. मग तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवलंस. हलकं होतं फार. आपण पूर्ण चक्कर मारून आलो आणि उतरलो, आणि त्यानंतर तू त्याबद्दल एक शब्दही बोलली नाहीस. मीही नाही. मला विचारायचं होतं की तेरा वर्षं हे तू एकटीने कसं ठेवलंस. त्या दिवशी मी तुला चिवट म्हटलं नाही.

तू गेलीस ती घरीच, पासिर रिसला, तुझ्या खोलीत. सकाळची वेळ होती. वहिनीने एक हात धरला होता, दादाने दुसरा. मी पायाशी होते. तुझ्या आईने तिच्या भाषेत प्रार्थना म्हटली, दादाने तोंडात गंगाजळाचे दोन थेंब घातले. कोणाचं आधी यावर कोणी वाद घातला नाही. अस्थी कुठे ठेवायच्या यावर मात्र घातला. दादाला समुद्रात सोडायच्या होत्या. वहिनी म्हणाली, "मला जायला जागा हवी." चर्चच्या भिंतीत एक कोनाडा घेतलाय. तिथे तू आहेस.

आता ते सांगते ज्यासाठी बसले.

काल दुपारी मी गेले तेव्हा वहिनी तुझं कपाट आवरत होती. मला वाटलं आज तिचं बरं आहे. मी चहा केला. कपडे घडी करता करता, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं, "नीला, ती तुझ्याशी सगळं बोलायची. त्या दिवसाबद्दल कधी बोलली का? तिच्या बाबांच्या?"

माझ्या हातात कप होता. मी म्हटलं, "नाही. तिला काय आठवणार? ती झोपली होती ना."

वहिनीने हातातला तुझा टीमचा टी-शर्ट मांडीवर ठेवला. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्याकडून वचन घेतलं तिने."

मी कप खाली ठेवला.

"मी घरात आले," ती सांगायला लागली. "पुढे पोलीस, शेजारी, सगळा आरडाओरडा. मी मागे धावले. ती गादीवर होती, डोळे गच्च मिटलेले, गळ्यापर्यंत चादर. चादरीखाली पायात बूट होते. आणि एक गाल असा फुगलेला. पाव. ती तो गिळत नव्हती, थुंकत नव्हती." वहिनीने स्वतःच्या गालाला हात लावला. "मी चादर सारखी केली. बूट काढले, हळूच, ती जागी नाही असं दाखवून. दारात शेजारीण आली, तिला म्हटलं, लेकरू झोपलंय, आवाज करू नका. मला वाटलं, तिला झोपलेली राहायचंय, तर राहू दे. तेवढं तरी तिच्या मनासारखं होऊ दे. नंतर कधी बोलायचं तर ती बोलेल. मी वाट बघितली."

"इतकी वर्षं?"

"ती मला जपत होती. तिने जपू नये असं मी कसं म्हणू?"

त्यानंतर ती रडली, लुसिया. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि मग ती म्हणाली, ते सगळं सांग, जे तिने तुला सांगितलं. मी सांगितलं. पोत्यांचं, तुझ्या बाबांनी हात खाली करून काय खूण केली त्याचं. ती खूण तिला माहीत नव्हती. तिने ती माझ्याकडून दोनदा करवून घेतली आणि मग स्वतः करून बघितली.

मी तुला दिलेलं वचन मोडलं. पण जे लपवायचं होतं ते तिच्यापासून कधी लपलेलंच नव्हतं. तू डोळे मिटून पडलेली असताना तुझ्या पायातले बूट कोणी काढले, हे तुलाही माहीत असणार. तुझ्या आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू तिथे एकटी नव्हतीस. एवढंच तुला कळवायचं होतं.

तुझी,
आत्या